ऐकण्याची वही

पत्रे लिहिणे हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलण्याची माझी तयारी नाही. वॉर्ड कार्यालयातले कारकून मला लांबून पाहूनच पोचशिक्का हातात घेतात. तुंबलेले गटार, पदपथावर चढवलेल्या गाड्या, परवानगीविना लावलेले ध्वनिक्षेपक, पुनर्विकासाच्या करारात कलमांच्या आड सभासदांची केलेली फसवणूक, यांपैकी कशावरही मी गप्प बसलेलो नाही आणि बसणार नाही. माझी बहुतेक पत्रे न्याय्य होती, असे मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगेन. एक नव्हते. ते मी तेविसाव्या वर्षी लिहिले. ते उत्तम टंकलिखित होते, त्यात एकही खाडाखोड नव्हती, आणि ते देवाने सांगितले म्हणून मी लिहिले असे तेव्हा मी मानत होतो. माझी धाकटी बहीण शालू म्हणते, "मरू दे ना आता ते. कोण विचारतंय तुला?" कोणीच विचारत नाही, हे खरे आहे. म्हणून तर सांगणे भाग आहे.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मुंबईत एका वकिलाकडे कारकून. मुलुंडला, कारखान्यांच्या रस्त्यापासून थोडे आत, आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी सात वाजता कारखान्याचा भोंगा वाजे आणि त्या भोंग्यावर आमचे घर चालत असे: चहा उकळणे, शालूची वेणी, प्रार्थना, डबे. नगर सोडून कितीतरी वर्षे लोटली तरी आईने बाजरीची भाकरी सोडली नव्हती. ती थापताना परातीवर जो थपथप आवाज होई, त्यावरून आम्हाला तिचा राग कळे. रविवारी मटण मंद आचेवर ठेवून आम्ही उपासनेला जात असू, आणि गाणाऱ्यांच्या बाकावर उभा राहिलो की माझ्या सदऱ्याला आलेल्या वाटणाच्या वासाने शेजारचा वसंत गाता गाता गिळत असे. वडील मी एकोणीस वर्षांचा असताना गेले. त्यांनी मागे ठेवलेला टाईपरायटर घेऊन मी कोर्टाच्या कुंपणाबाहेर ताडपत्रीखाली बसू लागलो. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, नोटिसा. दिवसभर लोक माझ्यापुढे रडत आणि मी ते रडणे "सदर अर्जदार असे नमूद करतो की" या साच्यात बसवीत असे. त्या कामात मी तरबेज झालो. माणसाचे दुःख कलमांत बसवता आले की ते आपल्याला लागत नाही, हा शोध मला तिथेच लागला. दारूही तिथेच लागली.

ती कशी वाढली याचे वर्णन करण्यात मला रस नाही. अशी वर्णने करणाऱ्यांना त्यात एक छुपी मौज वाटते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. एवढे नोंदवतो की बाविसाव्या वर्षी माझी बोटे पहिला ग्लास पोटात गेल्याशिवाय कळांवर स्थिर राहत नव्हती, आणि एका विधवेच्या प्रतिज्ञापत्रात मी तिच्या नवऱ्याऐवजी तिलाच मृत घोषित केले. ती बाई लिहिता-वाचता येत नसल्याने अंगठा देऊन गेली. न्यायाधीशांनी ते वाचून दाखवले तेव्हा कोर्ट हसले, ती हसली नाही. त्यानंतर मला सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात महिनाभर ठेवण्यात आले. घरी आलो तो एक गोळी घेऊन. ती अंगात असताना दारूचा घोट गेला तर तोंड लालभडक होते, छाती धडधडते, माणूस आडवा होतो. रोज सकाळी भोंगा वाजला की आई स्टीलच्या वाटीत ती गोळी ठेवून चमच्याच्या दांड्याने चुरडी. तो किरकिर आवाज अजून माझ्या दातांत आहे.

"आ कर."

"आई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं झालं असतं. जीभ वर कर."

आमच्या चर्चची किल्ली शमुवेल काकांकडे असे. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत एकटा राहणारा. घंटा वाजवणे, बाक पुसणे, प्रभुभोजनाची भांडी घासणे, ही कामे ते वेतनाशिवाय करीत. ते स्वतः एके काळी इतके पीत की बायको मुलाला घेऊन निघून गेली ती आलीच नाही. पण सोळा वर्षे त्यांनी थेंबाला स्पर्श केला नव्हता. मी रुग्णालयातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दारात उभे. "सलाम, वहिनी. सुध्याला घेऊन जातो." आणि रोज संध्याकाळी सहाला ते मला महापालिकेच्या एका शाळेच्या वर्गात नेऊ लागले, जिथे दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक जमत. पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे, आपले नाव सांगायचे, आपण दारुडे आहोत हे सांगायचे, जे घडले ते बोलायचे. कोणी उलट प्रश्न विचारायचा नाही. मला तो प्रकार असह्य होई. मी कारणे मांडू लागलो की काका कोपर मारत. "ए वकील, बस खाली. इथे केस नाय लढवायची."

प्रभुभोजनाचा द्राक्षारस आमच्या घरी होत असे. आमच्या मंडळीत खरी वाइन वापरत नसत. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, कुस्करून, आई तो रस मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळी आणि एका काचेच्या बाटलीत भरून बूच लावी. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी हे काम. त्या दिवशी घरात गोडसर, जड वास भरून राही. बाटली मी नेऊन द्यायची, काका ती पाळकसाहेबांच्या फ्रीजमध्ये ठेवणार, आणि रविवारी मंडळीतल्या आम्हा दारुड्यांनाही प्याला निर्धास्तपणे ओठांना लावता येणार. आईने ही पद्धत वडिलांच्या काळापासून चालवली होती आणि तिचा तिला अभिमान होता.

आता वहीकडे येतो. घाटकोपरला एका दुकानावरच्या हॉलमध्ये एक ब्रदर सभा घेत. गोरे, घोगऱ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की देव आजही प्रत्येकाशी बोलतो, आपण ऐकत नाही. तेव्हा पहाटे उठावे, मन रिकामे करावे, आणि जो विचार उमटेल तो वेळेसह वहीत लिहून काढावा. तीच वाणी. शाळेच्या वर्गातल्या त्या ओशाळवाण्या बाकांपेक्षा हे मला फार बरे वाटले. लिहिणे तर माझे कामच होते. मी कडक पुठ्ठ्याची वही आणली, समास आखला, दिनांक आणि वेळेचे रकाने पाडले, आणि देव माझ्याशी बोलू लागला. तो रोज बोलू लागला. पानेच्या पाने. एका सकाळी शालूने चहा ठेवता ठेवता वही उचलून मोठ्याने वाचली: "'तुला याद्वारे कळविण्यात येते की तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. तथापि सदर व्यक्ती तुझी योग्यता ओळखत नाहीत, याची मी गंभीर दखल घेतली आहे.'" तिने वही खाली केली. "दादा, देव काय कोर्टाबाहेर बसतो का रे? तुझ्या शेजारी?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. अख्ख्या वहीत तुझं एकदा पण चुकलेलं नाही. आईचं चुकलं, काकांचं चुकलं, माझं तर चार वेळा."

मी तिच्या हातातून वही हिसकावली. कप कलंडला, तिच्या कॉलेजच्या पुस्तकावर चहा सांडला, आणि मी क्षमा न मागता निघून गेलो. या टिंगलीची नोंदही मी वहीत केली आणि देवाने तिची दखल घेतली.

आजकाल रोज सकाळी माझ्या फोनवर गुलाबाच्या चित्रासह कोणाकोणाचे संदेश येतात: आज देव तुला सांगत आहे, तुझा विजय निश्चित आहे. मी पाठवणाऱ्यांना विचारतो, देवाने आज तुमचा पराजय, तुमची लबाडी, तुमच्या घरातल्या मोलकरणीचा पगार, यांविषयी काही सांगितले काय? बहुतेकांनी मला ब्लॉक केले आहे. आमच्याच उपनगरात एक प्रवचनकार मधुमेहाच्या रोग्यांना व्यासपीठावर औषधे टाकून द्यायला लावतो. त्याच्याविरुद्ध मी पोलीस ठाण्यात तीन तक्रारी दिल्या आहेत आणि चौथी देणार आहे. माझा संताप कोणाला अति वाटला तर वाटो. मी तो प्रवचनकार आतून ओळखतो. तो माझ्या वहीत राहत होता.

त्या मे महिन्यात नगरला मावशीचे ऑपरेशन ठरले आणि आई तीन आठवड्यांसाठी जायला निघाली. पहिला रविवार तिच्या गैरहजेरीत येणार होता, म्हणून तिने मंगळवारीच मनुका उकळल्या. जाताना बाटली माझ्या हातात दिली. "आजच्या आज काकांकडे दे. ऊन फार आहे, बाहेर राहता कामा नये." गोळ्यांची पट्टी शालूकडे न देता माझ्याकडे दिली, हेही सांगितले पाहिजे. "आता तुझ्यावर सोडते," एवढेच ती म्हणाली. मी बाटली पश्चिमेच्या खिडकीत ठेवली, संध्याकाळी नेऊ म्हणून, आणि वही उघडली. दुसऱ्या दिवशी पहाटे वहीत आदेश उतरला: "सदर गोळीची आवश्यकता आता राहिलेली नाही. ती घेणे म्हणजे माझ्या सामर्थ्याविषयी शंका घेणे होय." मी पट्टी शेंगदाण्याच्या डब्यामागे सारली. शालूने विचारले तेव्हा "घेतली" म्हणून सांगितले. शाळेच्या वर्गात जाणेही बंद केले. बाटली खिडकीतच राहिली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दुपारचे पूर्ण ऊन तिच्यावर.

रविवारी सकाळी साडेसहाला मी ती काकांच्या हातात दिली आणि गाण्याच्या तालमीला गेलो. उपासनेच्या थोडे आधी काही कारणाने वेस्ट्रीत, म्हणजे पाळक झगा घालतात त्या मागच्या खोलीत शिरलो, तर आत आंबूस, झोंबणारा वास. तो वास मी झोपेतही ओळखला असता. काका स्टोव्हपाशी उकिडवे बसलेले, सदऱ्याची छाती जांभळी, ओली. मला पाहून ते दचकले. "काय नाय, काय नाय, तू जा, बस जाऊन," म्हणत त्यांनी मला अक्षरशः ढकलून बाहेर काढले आणि कडी लावली. पुढे प्याला माझ्यापर्यंत आला तेव्हा ओठांना तो कोमट लागला. नेहमी थंडगार असे. दुपारी मी वहीत लिहिले: "प्याल्याची ऊब ही तुला दिलेली खूण आहे. वेस्ट्रीतील अनाचार तुझ्या दृष्टीस मी आणला. तू गप्प राहू नयेस."

मी गप्प राहिलो नाही. सोमवारी ताडपत्रीखाली बसून मंडळीच्या कमिटीला दीड पानाचे पत्र टाईप केले. विषय: पवित्र वास्तूत मद्यप्राशन. सदर इसमाच्या मुखास व वस्त्रांस मद्याचा दर्प येत असल्याचे मी समक्ष अनुभवले आहे, इत्यादी. कमिटीचे सेक्रेटरी बँकेतले अधिकारी होते. वास त्यांनाही आला होता. गुरुवारी काकांना बोलावण्यात आले. एका जुन्या दारुड्याविरुद्ध एका ताज्या दारुड्याचे पत्र, एवढाच पुरावा. पण आरोपीने बचावात एक शब्द काढला नाही. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, "सलाम" म्हणाले, आणि गेले. पुढचे दोन रविवार घंटा सेक्रेटरींच्या मुलाने वाजवली, वेडीवाकडी. मी वहीत लिहिले की न्याय झाला.

आई परतली ती बॅग न उघडताच स्वयंपाकघरात शिरली. पुढचा पहिला रविवार तोंडावर होता आणि तिला बाटली हवी होती. ती रिकामी होऊन घरी आली होती, कोपऱ्यात पडली होती. आईने बूच नाकाशी नेले आणि थबकली.

"हे आंबलंय. बाटली कधी दिलीस?"

मी तिची बॅग उचलली.

"सुधाकर, कधी दिलीस?"

"रविवारी."

ती खाली पाटावर बसली. "पाच दिवस? खिडकीत? अरे, दारू झाली असेल त्याची. मग मंडळीला पाजलं काय?"

तिचा प्रश्न संपायच्या आत मला सगळे कळले. एक एक गोष्ट उलगडत गेली असे म्हणणार नाही. एकदम अंगावर आली. बूच उडाले. रस सदऱ्यावर सांडला. माझ्यासारख्या माणसाच्या जिभेला त्याचा थेंब लागू नये म्हणून त्या म्हाताऱ्याने उरलेला सगळा ओतून टाकला, सकाळी सकाळी वाण्याला उठवून मनुका आणल्या, स्टोव्ह पेटवला, आणि उपासना सुरू होईपर्यंत नवा रस उकळून गाळला. तो निवायला वेळ मिळाला नाही. ज्या उबेला मी देवाची खूण मानले ती त्या स्टोव्हची ऊब होती. आईला एवढेच म्हणालो, "काकांनी नवा केला असणार." तिला पत्राची माहिती शालूने दिली. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापल्या गेल्या नाहीत. परात भिंतीला उभी होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीपत्र टाईप केले. तीन पाने. "काही गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले असून" अशी त्याची सुरुवात. आणि वहीतला देव माझ्या मदतीला धावला! हेतू शुद्ध होता, परिस्थितीजन्य पुरावा सबळ होता, योग्य वेळी योग्य त्या मार्गाने कळवावे, घाई नको. मी ते वाचीत होतो आणि प्रथमच मला त्या अक्षराची किळस आली. दुपारी कोर्ट जेवायला उठले. मी टाईपरायटरवर झाकण घातले, तीन पाने खिशात ठेवली, आणि चालत देशी दारूच्या दुकानात गेलो. तीन आठवडे गोळी पोटात नव्हती. मला अडवणारे अंगात काही नव्हते. फळीवर ग्लास आला. शेजारी एक माणूस मीठ लावलेले चणे एक एक करून खात होता.

शमुवेल कुठे आहे?

मी वळून पाहिले. चणे खाणारा चणे खात होता. तो प्रश्न कानांनी ऐकला असे मी शपथेवर सांगणार नाही. उलटतपासणीत मी टिकणार नाही. पण तो माझा नव्हता, याविषयी माझ्या मनात आजही संदेह नाही. वहीतल्या देवाने मला तोवर नुसते निकाल दिले होते, तेही माझ्या बाजूने, माझ्याच कारकुनी भाषेत. त्याने मला कधी काही विचारले नव्हते. हा प्रश्न तीन शब्दांचा होता, त्यात माझ्याविषयी एक अक्षर नव्हते, ना शाबासकी ना दोषारोप, आणि त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते, कारण ते मला नको होते. सोळा वर्षे दारू सोडलेला एकटा म्हातारा. त्याच्या हातून किल्ली काढून घेतली. त्यानंतर तो कुठे आहे? ग्लास तसाच ठेवून मी बाहेर पडलो.

डोंगरावरच्या चाळीत त्यांच्या दाराला कुलूप. शेजारची बाई डाळ निवडत होती. "ते होय? दोन दिवस दार पण नाय उघडलं. आज दुपारी गेले, कुठं ते सांगून नाय गेले." मी पायऱ्या उतरत धावलो. आसपासचे तीन गुत्ते पाहिले, प्रत्येक फळीशी वाकून तोंडे पाहिली. लोकांनी शिव्या घातल्या. शेवटी काही न सुचून शाळेकडे गेलो. दुपारची शाळा नुकतीच सुटली होती. वर्गात पहिलीच्या बाकावर काका बसले होते, एकटे, गुडघे छातीशी घेऊन. सभेला अजून अर्धा तास होता.

मला पाहून म्हणाले, "टायपिंग झकास होतं हां. एक मिस्टेक नाय."

"काका, ती बाटली मी..."

"माहितीय रे. मीच उघडली ना! बूच उडालं ते डायरेक छपराला. शर्टाची वाट लागली."

"मग कमिटीपुढे बोलला का नाही?"

"काय बोलू? सुध्याने उन्हात ठेवली? तुझ्या आईचं नाव निघालं असतं, ती वीस वर्षं रस करते. आणि तुला दारू सोडून तीन महिने पण झाले नव्हते. नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू फळीवर."

"आज होतो," मी म्हणालो.

ते उठले. "प्यायलास?"

"नाही."

"इकडे ये. तोंड उघड." त्यांनी माझा वास घेतला, जसा आई माझ्या जिभेखाली बघे तसा, निर्विकारपणे. "नाय प्यायलास." मग खाली बसून म्हणाले, "मी पण गेलो होतो. परवा. ग्लास हातात घेतला."

"मग?"

"आता तू घे माझा वास."

"काका, नको."

"घे ना! लेटरात लिहिलं होतंस, दर्प येतो म्हणून. घे, बघ येतो का."

मी वाकलो. साबण, तपकीर, आणि म्हाताऱ्या माणसाचा घाम. बाकी काही नाही. मी तिथेच फरशीवर बसलो. त्यांनी माझ्या खिशातली तीन पाने काढली, चष्मा लावला, आणि पहिली ओळ वाचली. "'निदर्शनास आले.' कुणाच्या रे?"

"माझ्या."

"मग तसं बोल. रविवारी. उभा राहून, कागदाशिवाय."

"लेखी असलं तर नोंद राहते, काका."

"लेखी तुला लय सोपं जातं, सुध्या."

त्या रविवारपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. गोळी पुन्हा सुरू झाली. आई आता चमचा जास्त जोरात घाशी. वही मी उघडली नाही. मन मात्र गप्प नव्हते. ते सारखे मसुदे करीत होते. एका मसुद्यात ऊन दोषी, दुसऱ्यात ब्रदर, तिसऱ्यात काकांचे मौन. रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींनी सूचना वाचल्या, आणि रिवाजाप्रमाणे विचारले, "आणखी कोणाला काही सांगायचं आहे?" मी उभा राहिलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना. माझ्या पुढच्या बाकावर आईचा कागदी पंखा हलत होता.

"शमुवेल काका प्यायले नव्हते," मी म्हणालो. माझा आवाज मला चमत्कारिक वाटला, उघडा. "तो वास माझ्या बाटलीचा होता. आईने मंगळवारी दिली होती, मी ती पाच दिवस उन्हात ठेवली. काकांनी ती ओतून टाकली आणि आपल्यासाठी नवा रस केला. मी पत्र लिहिलं ते खोटं होतं. आणि मी गोळी बंद केली होती, घरी खोटं सांगून."

पंखा थांबला. सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. ते माझ्याच जातकुळीचे होते. "हं. हे आपण असं करा," ते म्हणाले, "लेखी द्या. म्हणजे कमिटीला रीतसर विचार करता येईल."

मला केवढे हायसे वाटले, हे मी लपवणार नाही. ती तीन पाने माझ्या खिशात होती. न नेण्याचे धाडस मला झाले नव्हते. हात आपोआप तिकडे गेला. बोटांना घडी लागली.

अगदी मागच्या बाकावरून काकांचा आवाज आला. "कशाला लेखी? ऐकलं ना सगळ्यांनी?"

मग आई वळली, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "ऐकलं." मग शालू. मग वसंत, मग बाकाबाकांवरून, कोणी हळू, कोणी स्पष्ट, "ऐकलं." मी खिशातून हात काढला. तो रिकामा होता.